क्लास न लावता पेटी शिकता येते का? येते, पण आकड्यांची वही आधी मिटा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी परत एकदा वाचला, कारण त्यात तुम्ही विचारलंय एक आणि अडलंय दुसरंच. मला जे समजलं ते आधी सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा. सासऱ्यांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, माळ्यावरून काढलीत, दुरुस्त करून घेतलीत, चार महिने मोबाईलवर व्हिडिओ बघून सात गाणी बसवलीत आणि ती एकटीने वाजवताना नीट वाजतात. पण दिवाळीत बहीण गायला बसली तेव्हा तिला तुमची पट्टी जमेना, खाली घेतलं तर आवाज पोटात जातोय आणि वर घेतलं तर ओरडावं लागतंय, ती म्हणाली जरा मध्ये कुठेतरी घे ना, आणि तुमचा हात तिथेच थांबला. आता तुम्ही विचारताय की सत्तेचाळिसाव्या वर्षी क्लास लावू का, नवी स्केल चेंजर (यंत्राने पट्टी बदलता येणारी पेटी) घेऊ का, की हे आपल्याच्याने होणारच नाही.

होणार. अगदी नक्की होणार. आणि स्केल चेंजर आत्ता घेऊ नका, ते का ते पुढे सांगतो.

मी मूळचा कुडाळकडचा, आता डोंबिवलीत असतो, भजनात पेटी वाजवायला लागून पस्तीस वर्षं होऊन गेली आणि गेली बरीच वर्षं रविवारी सकाळी मोठ्या माणसांना पेटी दाखवतो. मोठ्या म्हणजे चाळीस ते सत्तर. नोकरी झाली, मुलं मार्गी लागली, आता स्वतःसाठी काहीतरी करायचंय म्हणून येणारी माणसं. त्यातली निम्मी तरी तुमच्यासारखीच येतात, चार-सहा गाणी बसवलेली आणि सातव्याला अडलेली. म्हणजे तुमचा प्रॉब्लेम वयाचा नाही, पेटीचा नाही आणि क्लासचाही नाही. तुम्ही गाणी शिकलात ती आकड्यांनी. व्हिडिओत खाली आकडे येतात किंवा पट्ट्यांवर रंग उमटतात, बोटं त्यांच्या मागे जातात, शंभर वेळा केलं की बोटांना पाठ होतं. गाणं वाजतं. पण कानाला त्यातलं काहीच कळलेलं नसतं, आणि मग पट्टी बदला म्हटलं की बोटांकडे दुसरा पत्ताच नसतो.

माझं स्वतःचं असंच झालंय म्हणून एवढ्या खात्रीने बोलतोय. आमच्या गावात गुरुवारी देवळात भजन असायचं, मी टाळ वाजवायचो आणि पेटीवरच्या माणसाचे हात बघून घरी येऊन वहीत लिहायचो, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन असं. दोन वर्षं वही भरली. एकदा पेटीवाला आजारी पडला आणि मला बसवलं, पहिला अभंग झकास गेला, आणि दुसऱ्याला बुवांचा आवाज त्या दिवशी जरा बसलेला म्हणून त्यांनी पट्टी अर्धा सूर खाली घेतली. माझी वही तिथे संपली. बुवा काही बोलले नाहीत, स्वतःच पेटी पुढे ओढली आणि गात गात वाजवलं. भजन संपल्यावर मला एवढंच म्हणाले, तू गातोस का रे वाजवताना? मी म्हटलं नाही. म्हणाले मग बोटांना सांगतो कोण कुठे जायचं ते? त्या रात्रीपासून मी वही उघडली नाही.

तुम्हाला मला हेच सांगायचंय. सूर आधी गळ्यात यायला पाहिजे, बोट त्याच्या मागून. गळा गोड असायची गरज नाही, गुणगुणलं तरी चालतं, पण जो सूर तुम्ही गुणगुणू शकत नाही तो पेटीवर सापडला तरी तुमचा होत नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच बोलून घेऊ. घरी बसून आरत्या, अभंग, जुनी भावगीतं वाजवायची, कोणी गायला बसलं तर साथ करायची, एवढंच असेल तर क्लासशिवाय नक्की जमतं. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा द्यायच्या असतील, प्रारंभिक, प्रवेशिका वगैरे, तर गुरू लागतो, तिथे अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि राग कसा मांडायचा हे समोर बसूनच कळतं. ख्यालाला, म्हणजे शास्त्रीय गाण्याला, साथ करायची असेल तर विषयच वेगळा, तो आयुष्यभराचा आहे. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही पहिल्या गटातल्या वाटताय, म्हणून पुढचं सगळं त्या हिशोबाने लिहितोय.

आणि स्वतःच्या स्वतः शिकणं म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं असं मनात असेल तर ते काढून टाका. गोविंदराव टेंबे, जन्म १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे, मराठी रंगभूमीवरचं आणि पेटीवरचं एवढं मोठं नाव, ते पेटी बरीचशी स्वतःच शिकले. कोल्हापूरच्या देवल क्लबात गाणं कानावर पडत गेलं, गायक भास्करबुवा बखल्यांना त्यांनी गुरू मानलं पण समोर बसून रीतसर तालीम अशी मिळालेली नव्हती. आपण टेंबे होणार नाही हे उघड आहे, पण त्यांच्याकडून एक गोष्ट घेता येते, की स्वतः शिकणाऱ्याचा गुरू म्हणजे त्याचा कान, आणि ऐकणं हा रियाजाचाच भाग आहे.

आता पेटीकडे येऊ. वाजवायच्या आधी चार-पाच मिनिटं तिची तब्येत बघा. पुढच्या सगळ्या खुंट्या (हवा सोडायच्या, ओढून उघडायच्या मुठी) बंद करा आणि भाता मारा, आत हवा भरली की भाता जड लागायला पाहिजे आणि हवा थोडा वेळ टिकायला पाहिजे. लगेच सैल पडला तर कुठेतरी हवा जातेय, चामडं किंवा कागद फाटलाय. मग खुंट्या उघडा आणि एकही पट्टी न दाबता भाता मारा. आवाज आला तर एखादी पट्टी नीट बसत नाहीये, पावसाळ्यात लाकूड फुगून हे हमखास होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला किंवा खिडकीखाली पेटी ठेवू नका, वाफ आणि ओल दोन्ही वाईट, आणि माळ्यावर परत तर अजिबात नको, उंदीर चामडं खातात. आतल्या रीडना, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी पात्यांना, तेल-बिल लावायचं नाही. लोक प्रेमाने करतात आणि धूळ चिकटून सूर मरतो.

मग दुसरी तपासणी, आणि ही स्वतः शिकणाऱ्याने कधीच सोडू नये. मोबाईलवर एक फुकटचं ट्यूनर ॲप घ्या, एकच खुंटी उघडी ठेवा, कारण दोन उघड्या असल्या की दोन्ही सूर मिसळून ॲप गोंधळतं, आणि मधल्या सप्तकातली पांढरी ६ दाबा (दोन काळ्यांच्या जोडीला लागून डावीकडची पांढरी ती पांढरी १, त्या जोडीतली पहिली काळी ती काळी १, तिथून उजवीकडे मोजत जायचं). नव्या पेटीत तिथे ४४० च्या आसपास आकडा येतो. जुन्या पेट्यांमध्ये बऱ्याचदा येत नाही, थोडी चढी नाहीतर थोडी उतरलेली असते. सगळी पेटी सारखीच चढी असेल तर तिच्यात काही दोष नाही, फक्त व्हिडिओबरोबर वाजवलंत तर कानाला सतत काहीतरी खुपत राहील आणि तुम्हाला वाटेल माझंच चुकतंय. किती जणांनी या एका कारणाने पेटी परत झाकून ठेवली असेल! तुमची पेटी चढी निघाली तर तानपुऱ्याच्या ॲपमध्ये सूर बारीक वर-खाली करायची सोय असते, ते ॲप पेटीला जुळवा, पेटी ॲपला नको. कारण रीड टोकाला घासलं की सूर चढतो आणि मुळाशी घासलं की उतरतो, म्हणजे प्रत्येक वेळी पितळ कमीच होतं. एका दुरुस्तीवाल्याने माझी एक चांगली जुनी पेटी अशी घासून घासून पातळ करून ठेवली होती, तिचा तो भरलेला आवाज परत आला नाही. वेगवेगळ्या पट्ट्या वेगवेगळ्या उतरल्या असतील तर मात्र जाणत्या माणसाकडे न्यायलाच हवी.

आता पट्टी. मराठीत पेटीच्या पट्टीलाही पट्टी म्हणतात आणि गाणाऱ्याच्या सुराच्या उंचीलाही पट्टी, त्यामुळे नवीन माणसाचा घोळ होतो, पण गोष्ट सोपी आहे. तुमचे व्हिडिओ बहुतेक काळी १ किंवा पांढरी १ मध्ये असणार, कारण शिकवणारे बरेचसे पुरुष आणि पुरुषांचा गळा साधारण तिथे बसतो. बायकांचा गळा साधारण काळी ४ किंवा काळी ५ ला. म्हणून तुमच्या बहिणीला खाली घेतलं की पोटात आणि वर घेतलं की ओरडायला होत होतं, तिची पट्टी बरोब्बर मध्ये होती. तिचं काही चुकत नव्हतं, तुमचंही नाही.

तुमची पट्टी शोधायची तर सकाळी नको, गळा उघडलेला नसतो. संध्याकाळी बसा, काळी ४ दाबून आऽऽ लावा. तिथून खाली जात मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत, आवाज पोचतोय का बघा आणि वर तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत, न ताणता जातोय का बघा. दोन्ही जमलं तर काळी ४ तुमची. वर ओढाताण होत असेल तर एक पट्टी खाली या, खाली आवाज संपत असेल तर एक वर जा. हे एकदा ठरलं की पुढचे सहा महिने कुठलंही नवीन गाणं आधी त्याच पट्टीत. कुठलंही म्हणजे कुठलंही, व्हिडिओतलंसुद्धा.

काळी ४ ला सा धरला तर शुद्ध सुरांचं सप्तक असं येतं: सा काळी ४, रे काळी ५, ग पुढची पांढरी १, म काळी १, प काळी २, ध पांढरी ४, नी पांढरी ५ आणि वरचा सा परत काळी ४. बोटं तर्जनीपासून सुरू करा, तर्जनी, मधलं, मग अंगठा पांढरी १ वर, परत तर्जनी, मधलं, परत अंगठा पांढरी ४ वर, तर्जनी, आणि वरच्या सा ला मधलं. अंगठा खालून सरकतो, हात उचलायचा नाही. येताना तसंच उलटं. पहिले चार दिवस हे लाकडासारखं वाटेल, आठव्या-दहाव्या दिवशी बोटं आपणहून जायला लागतात. व्हिडिओवाले बोटं कुठली वापरायची हे घाईत सांगतात नाहीतर सांगतच नाहीत, आणि एका बोटाने टोचून वाजवायची सवय लागली की पुढे लय वाढली की हात अडखळतो. क्लास न लावणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण ही, सुरापेक्षाही, कारण बेसूर कानाला कळतं पण चुकीचं बोट आपल्याला आपलं कळत नाही.

भात्याबद्दल थोडंच. ढकलायचा नाही, श्वासासारखा चालवायचा. छोटे छोटे, सारखे, तालाशी संबंध न ठेवता. एक सूर दाबून वीस सेकंद एकाच जाडीचा ठेवता आला की झालं, हा व्यायाम टीव्ही म्यूट करून बघता बघतासुद्धा होतो.

रियाज किती हे तुम्ही विचारलंय. रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज. रविवारी दोन तास बसून भरपाई होत नाही. त्यातली पहिली पाच मिनिटं तानपुऱ्याचं ॲप तुमच्या पट्टीत लावून नुसतं सा आणि प, गळ्याने. पेटी बंद. मग एक सूर गायचा, तो धरून ठेवायचा आणि मग बोटाने पेटीवर शोधायचा. उलटं नाही, आधी दाबून मग गायचं नाही, ते आपण आपोआप करायला जातो. ट्यूनरने लावलेल्या पेटीत शुद्ध गंधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, साधारण १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याइतका, त्यामुळे तिथे दोघांचं थोडं भांडण ऐकू आलं तर ते खरंच आहे, तुमच्या कानाचा भास नाही. असा फरक ऐकू यायला लागला तर उलट आनंद माना.

आता मजेचा भाग, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हा पहिल्या महिन्यात दाखवतो आणि अजूनही दाखवताना माझ्या अंगावर काटा येतो. पेटीवर फक्त पाच काळ्या पट्ट्या वापरायच्या, पांढरीला हातच लावायचा नाही. ॲपवर तानपुरा काळी ३ ला लावा आणि काळी ३ ला सा मानून पाच काळ्यांवर वर-खाली फिरा, तुम्हाला भूप राग ऐकू येईल. सा रे ग प ध. आता त्याच पाच पट्ट्या, पण तानपुरा काळी ४ ला लावा आणि तिथे सा धरा. झाला मधमाद सारंग, सा रे म प आणि कोमल नी. काळी ५ ला सा धरा आणि तानपुऱ्यात पंचमाऐवजी मध्यम ठेवा, मालकंस. काळी १ ला धरलात तर दुर्गा, काळी २ ला धानी. पट्ट्या त्याच, बोटं तीच, फक्त घर बदललं की सगळ्या नात्यांचा रंग बदलतो. नुसते सूर आले म्हणजे राग आला असं नाही, रागाला चाल असते, थांबायच्या जागा असतात, ते खरं. पण सा म्हणजे काय हे ज्याला दहा पुस्तकं वाचून कळत नाही त्याला हे अर्ध्या तासात कानाने कळतं. एक बाई होत्या, शिक्षिका, निवृत्त झालेल्या, त्या मालकंसावर आल्या आणि थांबल्या, म्हणाल्या हे तर मी रोज रात्री माझ्या आईच्या तोंडून ऐकलंय. चाळीस-पन्नास वर्षं ऐकलेलं सगळं आत साठलेलं असतं, मुलांपेक्षा मोठ्या माणसाकडे हे जास्त असतं, आणि म्हणून वयाची काळजी करू नका म्हणतो ते काही समजूत घालायला नाही.

मग गाणं बसवायचं कसं? तुम्हाला तोंडपाठ असलेलं सगळ्यात साधं गाणं घ्या, घरात रोज म्हणता ती गणपतीची आरतीच घ्या. व्हिडिओ नको. तानपुरा लावा, पहिली ओळ तुमच्या पट्टीत चार वेळा म्हणा. मग बघा ओळ कुठे येऊन विसावते, कुठल्या सुरावर आल्यावर आता घरी आलो असं वाटतं. बहुतेक वेळा तो सा असतो. तो सापडला की पहिला शब्द सा च्या वर आहे, खाली आहे की सा वरच आहे एवढंच ठरवायचं. मग एकेक शब्द. पहिल्या ओळीला अर्धा तास लागेल, दुसरीला दहा मिनिटं, कारण साध्या गाण्यात ओळी परत परत त्याच असतात. चार दिवसांनी जे हातात येईल ते तुमचं असेल, आणि मग त्याच आरतीचा सा एक पट्टी वर धरून परत शोधा. इथे चिडचिड होईल, होऊ दे. दुसऱ्या पट्टीत शोधताना कान खरा तयार होतो, आणि दिवाळीत हात जिथे थांबला होता ती जागा नेमकी ही.

लिहून ठेवायचं असेल तर आकडे लिहू नका, सारेगम लिहा. काळी २ ही पट्टी बदलली की निरुपयोगी, पंचम कुठेही गेलात तरी पंचमच. भातखंड्यांच्या पद्धतीत कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब, एवढ्या चार खुणांवर आपलं सगळं काम भागतं.

तालाचं नंतर आलं तरी चालेल पण विसरू नका. भजनी ठेका ८ मात्रांचा, दादरा ६ चा, केरवा ८ चा. आधी हाताने टाळी देत गाणं म्हणा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी पडतेय का बघा, मग पेटी. दोन्ही एकदम शिकायला गेलं की दोन्ही बिघडतं.

पेटीवर जे होत नाही त्याच्यामागे लागू नका, हेही सांगायला पाहिजे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, म्हणजे मींड, पेटीत नाही, पट्टी दाबली की सूर लागतो आणि सोडली की संपतो. पेटीवरचा जुना आक्षेप हाच, आणि श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, नीट मिळत नाहीत हा दुसरा. १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी आली ती १९७१ पर्यंत होती, एवढं वाजलं होतं ते प्रकरण. त्या सगळ्या काळात आपल्याकडे भजनात, कीर्तनात, नाटकात, कोकणातल्या दशावतारात पेटी चालूच राहिली, कारण गाणाऱ्याला आधार देणारं एवढं सोयीचं वाद्य दुसरं नव्हतं. आक्षेप खोटा नव्हता पण. त्यामुळे मींड गळ्याने घ्या आणि पेटीने फक्त दोन टोकं दाखवा. जाणती माणसं साथ करतात ती जरा बारकाईने ऐका, गाणारा घसरत असतो तेव्हा ते किती थोडं वाजवतात. मी गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांची वादनं लावून नुसतं बसायला सांगतो, आठवड्यातून एकदा, हातात काही न घेता.

आता स्केल चेंजर. त्यात पट्ट्यांचा सगळा फलक सरकवून पट्टी बदलता येते, म्हणजे बोटं तीच ठेवून कुठल्याही पट्टीत वाजवता येतं. कार्यक्रम करणाऱ्यांना ते उपयोगाचं आहे, पण तुम्हाला आत्ता मिळालं तर जे शिकायचंय तेच टळेल. शिवाय आतली यंत्रणा नाजूक, वजन जास्त, दुरुस्ती सगळ्यांनाच जमत नाही. सासऱ्यांची पेटी साडेतीन सप्तकांची आणि डबल रीड (प्रत्येक सुराला दोन रीड) असेल तर त्यात पुढची दहा वर्षं जातील आणि तरी उरेल. घरातल्या माणसाचा हात लागलेली पेटी आहे ती, तिला वाजू द्या.

क्लासबद्दल माझं मत असं की रोजचा क्लास नको पण एक माणूस हवा. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी पुढे बसून अर्धा तास वाजवा आणि फक्त बोटं आणि बसायची पद्धत बघा म्हणा. परिसरातल्या भजनी मंडळातला पेटीवाला शोधा, तुमच्या नाशिकला काही तोटा नाही त्यांचा, आणि ही माणसं विचारलं की आनंदाने दाखवतात. त्याहून चांगलं म्हणजे मंडळातच जाऊन बसा, पहिले दोन महिने टाळ घ्या, पेटी मागू नका, नुसतं बघा बुवांनी पट्टी बदलली की पेटीवाला काय करतो. जायला जमत नसेल, घरी कोणाला सोडून निघता येत नसेल, तर दर रविवारी मोबाईलवर स्वतःचा हात दिसेल असा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि मागच्या रविवारच्या व्हिडिओशेजारी ठेवून बघा. माणसाची जागा तो पूर्ण घेत नाही, पण बोट चुकीचं पडतंय हे दिसतं.

आणि ती सात गाणी टाकून देऊ नका, तुम्ही चार महिने घातलेत त्यांच्यात. त्यातलं एक रोज शेवटी वाजवा, मनासारखं, काही न सुधारता. रियाज संपताना हात आनंदात असला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी पेटी उघडावीशी वाटत नाही.

या आठवड्यात फक्त दोन गोष्टी करा, पांढरी ६ वर ट्यूनर काय दाखवतो ते बघा आणि संध्याकाळी बसून स्वतःची पट्टी काढा. दोन्ही इथेच लिहा. बहीण परत कधी येतेय तेही लिहा, म्हणजे तिच्या पट्टीत पहिला अभंग बसवायला हातात किती दिवस आहेत ते कळेल आणि त्या हिशोबाने पुढचं सांगतो.